उतार

गावाकडच्या आमच्या घराला एक अवयव जास्तीचा होता. गोठ्याच्या भिंतीपासून रस्त्याकडे उतरत गेलेला मुरमाचा ओटा. वरच्या टोकाला कमरेइतका उंच, खालच्या टोकाला जमिनीला टेकलेला. नवखा पाहुणा हमखास विचारायचा, "हे काय केलंय?" आबा म्हणायचे, "ट्रॅक्टरची बाज आहे."

रोज संध्याकाळी आबा ट्रॅक्टर मागे घेत घेत त्या ओट्यावर चढवत. तोंड रस्त्याकडे ठेवत आणि पुढच्या चाकाला दगड लावत. सकाळी सीटवर बसायचं, क्लच दाबायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि आईला किंवा मला हाक मारायची. आम्ही दगड ओढून बाजूला पळायचो. ट्रॅक्टर जरासा विचार केल्यासारखा थांबायचा, मग घरंगळायला लागायचा. ओटा संपायला चार हात उरले की आबा क्लच सोडायचे. एक हिसका, काळ्या धुराचा एक लोट आणि धडधड सुरू. आमच्या आळीला घड्याळाची गरज नव्हती.

कारण साधं होतं. ट्रॅक्टरचं चार्जिंग बंद होतं.

पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, डिझेलला लागत नाही. हवा सतरा-अठरा पट दाबली की ती इतकी तापते की डिझेल आत फवारताच पेट घेतं. त्यामुळे जुना ट्रॅक्टर एकदा सुरू झाला की विजेवाचून दिवसभर चालतो. बॅटरी काढून बांधावर ठेवली तरी त्याला पत्ता लागत नाही. बंद करायलाही किल्ली नाही, डिझेल तोडणारा दांडा ओढायचा. वीज हवी ती सेल्फला, म्हणजे फक्त सुरुवातीला, आणि रात्री दिव्यांना. म्हणून हा बिघाड मोठा सभ्य असतो. नांगर अडत नाही, ट्रॉली अडत नाही, मळणीयंत्र अडत नाही. तो दिसतो फक्त सकाळच्या पहिल्या मिनिटाला. त्या एका मिनिटासाठी शहरात जाऊन अख्खा दिवस कोण मोडणार? त्यापेक्षा चार ट्रॉल्या मुरूम टाकला की झालं.

तो ओटा मी सातवीत असताना झाला. आधी बॅटरी तालुक्याला चार्जिंगला टाकायची, दुसऱ्या दिवशी आणायची, असं काही महिने चाललं. कुणीतरी एकदा-दोनदा डायनामो उघडून दुरुस्तही केला होता. पुन्हा बंद पडला. मग आबांनी त्याचा नाद सोडला आणि उताराची सवय लावून घेतली. ती सवय फक्त घरापुरती राहिली नाही. जाधववाडीच्या बाजार समितीत मका घेऊन गेले तरी आबा आधी उतार शोधत, मग सावली. लग्नाला गेलो की मंडपापासून लांब, कुठल्यातरी चढावर आमची ट्रॉली उभी असायची. गावोगावच्या जमिनीचा कल आबांना जसा पाठ होता तसा तलाठ्यालाही नसेल.

ट्रॅक्टर १९७८ चा. १९७२ च्या दुष्काळात आजोबांची बैलजोडी गेली होती आणि पुढची काही वर्षं दुसऱ्याच्या बैलांची वाट पाहण्यात गेली. बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर आला तो त्या वाट पाहण्याला कंटाळून. त्या काळी आमच्या फुलंब्रीच्या बाजूला पाच-सहा नावं फिरत. चेन्नईला १९६० साली सुरू झालेल्या टॅफेचा मॅसी, कांदिवलीचा इंटरनॅशनल, फरिदाबादचे आयशर आणि एस्कॉर्ट, पिंजोरहून झेटरच्या आराखड्यावर निघणारा एचएमटी, आणि १९७४ पासून मोहालीचा स्वराज. परदेशी आराखड्यावाचून घडवलेला म्हणून स्वराजचं तेव्हा कौतुक होतं. आमचा यातला कोणता, ते सांगत नाही. सेहेचाळीस वर्षांनी जे झिजतं त्याचा जाब कंपनीला विचारायचा नसतो.

चार्जिंग नाही म्हणजे दिवेही नाहीत. पाऊस तोंडावर आला आणि नांगरट उरली की आबा रात्री नांगरत. मी मडगार्डवर बसून तीन सेलची बॅटरी धरायचो. उजेडाचा तो गोल काकरीवर ठेवायचा, हलू द्यायचा नाही. झोप यायची आणि गोल बांधावर चढायचा, बाभळीवर जायचा. आबा ओरडत नसत. नुसतं म्हणत, "कुठं गेलास?" मी परत काकरीवर यायचो. आमच्या दोघांमधलं संभाषण बहुतेक तेवढंच होतं.

पुढे मी शहरात आलो, विज्ञानाचा शिक्षक झालो. बावीस वर्षं दहावीच्या मुलांना विद्युत जनित्र शिकवतो आहे. फळ्यावर दोन चुंबकध्रुव काढायचे, मधे तारेची चौकोनी चौकट, खाली दोन अर्धी कडी, त्यांना टेकलेले ब्रश. फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम सांगताना सगळा वर्ग अंगठा आणि दोन बोटं ताठ करून बसतो, तेव्हा पाठीमागे उभं राहिलं तर पन्नास पिस्तुलं रोखल्यासारखी दिसतात. आकृतीला तीन गुण. या बावीस वर्षांत मी जनित्र उघडलेलं एकदाही पाहिलं नव्हतं. आणि माझ्याच घरी एक जनित्र ट्रॅक्टरच्या कुशीला धूळ खात पडलं होतं, ही गोष्ट मी कधी वर्गात सांगितली नव्हती.

गेल्या वर्षी मृगाच्या पहिल्या पावसानंतर आबांचा फोन आला. आबा स्वतःहून फोन करत नाहीत. "येतोस का?" एवढंच म्हणाले.

ओटा ओला होता. ट्रॅक्टर घरंगळला, क्लच सोडल्यावर चाकं फिरायच्या ऐवजी नुसती घसरली, इंजिन पकडलंच नाही. ट्रॅक्टर जाऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. पुढे उतार नाही, मागे चढ. पूर्वी असं झालं की हाकेसरशी आठ-दहा पोरं जमायची, हसत-खिदळत ढकलायची, चहा घेऊन जायची. आता ती पोरं नव्हती. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला तेव्हापासून आमची गावं तिकडे जात राहिली, नंतर शेंद्र्याला. उरलेली सकाळी सहाच्या बसने गेली होती. गावात होती ती आबांच्याच वयाची माणसं. त्यांनी येऊन बोनेटवर हात ठेवले, पण ते ढकलण्यासाठी नव्हे, टेकण्यासाठी. मी पोचलो तेव्हा आबा चाकाजवळच्या दगडावर बसले होते. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस आपल्याच दारात रस्ता अडवून बसलेला. "उतार कामाला आला नाही," ते म्हणाले.

मराठीत हा शब्द फार मोठा आहे. तापाला उतार पडतो, विषावर उतारा देतात, सातबाराचा उतारा काढतात. बॅटरी उतरते. आणि वय झालं की त्याला उतारवय म्हणतात, जणू आता माणूस आपसूक घरंगळत जाईल, त्याला जोर लावायचं कारण नाही. त्या दिवशी मला वाटलं, ज्याने हा शब्द केला त्याने ओल्या ओट्यावरून ट्रॅक्टर कधी सोडलेला नसावा.

शेजारच्या नव्या ट्रॅक्टरने आमचा ओढून सुरू केला. दुसऱ्या दिवशी मी पाना घेऊन बसलो. फॅन बेल्ट काढला, डायनामोचे खालचे दोन नट आणि वरची ताणपट्टी सोडवली. काळी माती, ग्रीस आणि कापसाचे धागे यांचा त्यावर बोटभर लेप बसलेला. डॅशबोर्डाच्या मागे कटआऊटची डबी होती, तीही काढली. दोन्ही वस्तू गोणपाटात गुंडाळून आबा आणि मी शहरात आलो.

मोंढा नाक्याजवळच्या एका गल्लीत जुन्या डायनामोचं काम करणारे एक चाचा आहेत, असं शाळेतल्या शिपायाने सांगितलं होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याचं शटर, बाहेर लाकडी बाकडं, आणि आत छतापर्यंत आर्मेचरांचा ढीग. चाचांनी गोणपाट उघडलं, डायनामोची कप्पी बोटाने फिरवली आणि कानाजवळ नेली. डॉक्टर मुलाच्या छातीला कान लावतो तसं. मग विचारलं, "पाटील, गाडी कुठं उभी करता?"

"उतारावर," आबा म्हणाले.

"किती वर्षं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "हा सातवीत होता," ते म्हणाले. चाचांनी माझ्या पांढऱ्या कल्ल्यांकडे बघून हिशेब केला आणि काही बोलले नाहीत.

डायनामो उघडला. फळ्यावर मी ज्याला चौकट म्हणतो ते प्रत्यक्षात लोखंडी पत्र्यांच्या थप्पीत विणलेल्या तारांचं जाडजूड वेटोळं होतं, आणि माझ्या दोन अर्ध्या कड्यांच्या जागी तांब्याच्या कितीतरी पट्ट्या एका वर्तुळात बसवलेल्या, प्रत्येक दोघींच्या मधे अभ्रकाची चीर. कार्बन झिजून नखाएवढे उरले होते आणि काजळीने आपापल्या खोबणीत अडकले होते. तांबं झिजलं होतं, अभ्रक झिजला नव्हता. त्यामुळे कार्बन तांब्याला टेकतच नव्हते, अभ्रकाच्या कडांवरून उड्या मारत होते. "दुकानदार आहे, गिऱ्हाईक आहे, मधे दार बंद," चाचा म्हणाले. तांब्याचा भाग लेथवर मारून आणायला त्यांनी पोराला पाठवलं. "दोन तास लागतील. जेवून या."

दोन तासांचं काय करायचं म्हणून आबांना पाणचक्कीला नेलं. सतराव्या-अठराव्या शतकातली ही करामत आहे. शहराबाहेरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बंद नळांतून कित्येक किलोमीटर आणायचं, भिंतीत उंच चढवायचं आणि तिथून चाकाच्या पात्यांवर सोडायचं. चाक फिरलं की वरचं जातं फिरतं. शेजारच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांचं, यात्रेकरूंचं दळण त्यावर होई. आबा बराच वेळ कठड्याला टेकून उभे राहिले. म्हणाले, "फिरवणारं येगळं, दळणारं येगळं, खाणारं येगळं." मग थोड्या वेळाने, "आपला डायनामो काय दळतो?"

मी म्हणालो, "उद्याचं."

हे माझ्या तोंडून गेलं तेव्हा मला ते नुसतं चटपटीत वाटलं होतं. नंतर गणित मांडलं तेव्हा खरं निघालं. सेल्फ मारताना डिझेल इंजिनाला तीन-चारशे अँपिअर लागतात, पण काही सेकंदच. समजा ४०० अँपिअर, ५ सेकंद. डायनामोने नंतर १० अँपिअरने भरलं तर ते २०० सेकंदांत फिटतं. म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. बॅटरी घेतलेलं सगळं साठवत नाही, म्हणून पाच मिनिटं धरा. सकाळी काढलेलं कर्ज पहिली काकरी पुरी व्हायच्या आत चुकतं. ज्या जिल्ह्यात पीककर्ज पिढ्यान्‌पिढ्या चुकत नाही तिथे पाच मिनिटांत फिटणाऱ्या या कर्जासाठी आम्ही चार ट्रॉल्या मुरूम टाकला होता.

परत आलो तेव्हा लेथवरून आलेलं तांबं नव्या तांब्याच्या गडव्यासारखं चमकत होतं. चाचा हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्याने पट्ट्यांमधला अभ्रक एकेक करून खाली कोरत होते. मग काचपेपरने हलका हात मारला. काळा पॉलिश पेपर वापरायचा नाही म्हणाले, त्याची पूड पट्ट्यांच्या मधे बसून वीज पळवते. नवे कार्बन घातले, बुश बदलला, कटआऊटच्या टोकांवरची काजळी काढली. डायनामो बाकड्यावर आवळून एका मोटारीच्या पट्ट्यावर फिरवला, दोन्ही तारा जोडून मीटर लावला.

काटा हलला नाही. अगदी शून्य.

मला वाटलं, गेला दिवस. चाचांनी मात्र मोटार बंद केली, बिडी पेटवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, माल सगळा बरोबर हाय. ये भूल गया है. याद दिलाना पडता."

आणि तेव्हा मला माझाच धडा कळला. १८३१ मध्ये फॅरडेने चुंबकापाशी तार हलवून वीज काढली, त्यानंतर पस्तीस वर्षं बहुतेक लोक कायमचे चुंबक लावूनच यंत्रं बनवत होते. १८६६-६७ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये वेर्नर फॉन सिमेन्स आणि लंडनमध्ये व्हीटस्टन, दोघांनी जवळजवळ एकाच वेळी ओळखलं की वेगळ्या चुंबकाची गरज नाही. यंत्राने तयार केलेली वीज त्याच्याच वेटोळ्यातून फिरवली तर लोखंडाचा चुंबक होतो आणि तो आणखी वीज काढतो. पण पहिली वीज कुठून यायची? ती येते लोखंडात मागच्या वेळेपासून उरलेल्या किंचित चुंबकत्वातून. यंत्र बंद झालं तरी लोखंड सगळं विसरत नाही. त्या उरलेल्या कणभर ओढीवर पुढची सगळी चढण रचलेली असते. आमचा डायनामो मात्र इतकी वर्षं गप्प होता, हादरे खात होता, तापत-निवत होता, की ती कणभरही उरली नव्हती. फिरत होता, पण सुरुवात कशाने करायची हेच त्याला आठवत नव्हतं.

चाचांनी बॅटरीची एक तार अंगाला धरली आणि दुसरी फिल्डच्या टोकाला क्षणभर टेकवून काढली. बारीक निळी ठिणगी उडाली, बस. पुन्हा मोटार चालू केली. काटा थरथरला, चार, सात, दहा, आणि बाराच्या पलीकडे सरसर चढायला लागला तेव्हा चाचांनी घाईने बटण बंद केलं.

आबा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "म्हंजे इहिरीवरच्या मोटारीत पाणी भरावं लागतं, तसंच."

अगदी तसंच. रिकामा पंप कितीही फिरो, पाणी उचलत नाही. आधी वरून बादलीभर पाणी ओतावं लागतं. मग आबांनी कटआऊटच्या डबीकडे बोट दाखवलं. "आन् हा फूटवाल्व?" चाचा खूश होऊन हसले. डायनामोचा दाब साधारण तेरा व्होल्टांवर गेला की कटआऊट चिकटतो आणि वीज बॅटरीकडे जाऊ देतो. दाब पडला की सुटतो. नाही तर बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होईल, गळक्या फूटवाल्वने पाइप रात्रीत विहिरीत उतरावा तशी. जे मी बावीस वर्षं आकृती काढून सांगत आलो ते आबांनी बादली आणि वाल्व घेऊन दोन वाक्यांत मांडलं. यंदा वर्गात मी तसंच शिकवलं. फुलंब्री-सिल्लोडकडून आलेल्या पोरांचे चेहरे एकदम उजळले.

दुकानात एका तरुण गिऱ्हाइकाने सल्ला दिला होता, "काका, डायनामो कशाला, अल्टरनेटर टाका." चुकीचं नव्हतं ते. अल्टरनेटर इंजिन मंद चालत असतानाही भरतो, डायनामोला थोडा वेग लागतो. आता तर तिकडे बिडकीनला विजेवरच्या गाड्यांचे कारखाने येऊ घातलेत, त्यांच्यापुढे आमचं दुखणं म्हणजे पणजोबांचा दमा. पण चाचा म्हणाले, "जे मेलं नाही ते बदलायचं कशाला?" आबांनी मान हलवली.

संध्याकाळी डायनामो बसवला. बेल्ट अंगठ्याने अर्धा इंच दबेल एवढा ताणला. शासीवरचा अर्थिंगचा बोल्ट घासून रंग आणि गंज काढला, कारण चाचांनी बजावलं होतं की निम्मे ट्रॅक्टर डायनामोने नाही, अर्थिंगने आजारी असतात. नवी बॅटरी ठेवली. आबा बसले आणि त्यांनी सेल्फचं बटण दाबलं. तो आवाज घरात कुणी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आई दगड काढायला पदर खोचून आली होती, ती तशीच उभी राहिली. आबांनी जरा रेस दिली. ॲम्पिअर मीटरचा काटा मधल्या रेघेवरून उठला आणि अधिकच्या बाजूला गेला. आबांनी काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली. पुसल्यावरही काटा तिथेच होता.

मला वाटलं होतं, आता आबा ट्रॅक्टर सपाटीवर लावतील आणि ओटा तसाच पडून राहील, आठवण म्हणून. निदान मी तरी तसं केलं असतं. पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. आबांनी दोन माणसं लावून ओटा खणून काढला होता आणि सगळा मुरूम गोठ्यापासून दारापर्यंतच्या चिखलावर पसरला होता. "चांगला दाबून बसलेला मुरूम हाय, वाया कशाला घालवायचा," म्हणाले म्हणे.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ कॅलेंडरकडे बघत होतो. पोळा लांब होता. दिवाळी त्याहून लांब. कुणाचं लग्न नव्हतं, कुणाचा दहावा नव्हता. मी गावी जातो तो अशाच कुठल्यातरी उतारावरून. सणाचा जोर लागला, दुःखाचा लागला, की घरंगळत जाऊन पोचतो. पोचल्यावर सगळं नीट चालतं. म्हणूनच काही बिघडलंय असं इतकी वर्षं वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी शाळा सुटल्यावर मी गाडी जळगाव रस्त्याला घातली. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पाऊस पडून गेला होता, पण फाटकापासून दारापर्यंत पायाला चिखल लागला नाही. ट्रॅक्टर कडुनिंबाखाली सपाटीवर उभा होता. आबा ओसरीवर होते. मला बघून उठायला लागले.

"काहून रे? काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहज."

ते काही बोलले नाहीत. बाजेवर जरा सरकून त्यांनी जागा केली.